एकाच पायाची सूज

(दृश्य: हर्णै बंदर)
लिलाव रंगात आलाय, टोपल्या वाळूवर उतरतायत. ही रिक्षा मात्र दापोलीकडे निघालीय. मागे आजी, डावा पाय आडवा ठेवलेला. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या पडूनच आहेत. शेजारीण म्हणाली, वाताची सूज, तेल लावून रगडा. सुनेने रगडलं नाही, फार बरं केलं. एकाच पायाची अशी सूज म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

(दृश्य: टेप, पोटरी)
गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली माप घ्यायचं. दोन्ही पोटऱ्यांत ३ सेंटीमीटरहून जास्त फरक, एक गुण. नुकतंच झालेलं मोठं ऑपरेशन, आणखी एक. गुठळीची शक्यता मोजणाऱ्या या गुणांना वेल्स स्कोअर म्हणतात. दोन गुण भरले की थेट सोनोग्राफी. कमी भरले तर आधी डी-डायमर ही रक्ततपासणी. ती नॉर्मल आली तर गुठळी बहुतेक नाही. वाढलेली आली म्हणजे गुठळी आहेच, असं मात्र नव्हे. ऑपरेशन, गरोदरपण, जंतुसंसर्ग, कशानेही ती वाढते. आजींना ती करून उपयोग नव्हता.

(दृश्य: सोनोग्राफीचा पडदा)
आता नीट बघा. जांघेत दोन काळी वर्तुळं: एक धमनी, एक शीर. डॉक्टर प्रोब, म्हणजे यंत्राचं अंगावर टेकवायचं टोक, हलकेच दाबतात. निरोगी शीर चपटी होऊन दिसेनाशी होते, धमनी गोलच राहते. पुन्हा दाबलं. आजींची शीरही गोलच, म्हणजे आत गुठळी. मग गुडघ्यामागे, तिथेही तेच. सुई नाही, शिरेत सोडायचा डाय नाही, क्ष-किरण नाहीत. काही मिनिटांत निदान. एवढ्या कामासाठी गावोगावच्या पेशंटनी तालुका का गाठावा? सोनोग्राफी यंत्राची नोंदणी गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे सक्तीची आहे, आणि ती असायलाच हवी. पण नोंदणी केलेलं यंत्र आणि पाय दाबून बघायला शिकलेला डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात का नसावा?

(दृश्य: आंबा घाट, रुग्णवाहिका)
गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, छातीत कळ येते. एक्स-रे साफही येऊ शकतो. शिरेतून डाय सोडून सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, करावी लागते. रत्नागिरीकडचे अनेक जण त्यासाठी कोल्हापूर गाठतात, सिंधुदुर्गातले गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. वाटेत जीवही जातो.

(दृश्य: इंजेक्शन)
आजींना पोटाच्या कातडीखाली हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. पुढे गोळ्या, निदान ३ महिने. वॉर्फरिन ही जुनी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासायला पुन्हापुन्हा यावं लागेल. नव्या गोळ्यांना ते लागत नाही, पण आधी आणि मग अधूनमधून क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, बघून घेतात.