एक मीटर लांबीची पेशी आणि तिचे सांगाती

पायाच्या पंजातील लहान स्नायू हलवणाऱ्या चेतापेशीचा पेशीकाय, म्हणजे केंद्रक असलेला मुख्य भाग, मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी असतो. त्याचा व्यास मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. त्यातून निघणारा, संदेश पुढे नेणारा अक्षतंतू मात्र जवळपास एक मीटर लांब. ही विषमता डोळ्यांसमोर ठेवली, की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

प्रथिने मुख्यतः पेशीकायातच तयार होतात. तिथून ती सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून टोकापर्यंत न्यावी लागतात. जलद वाहतुकीचा वेग दिवसाला 400 मिलिमीटरपर्यंत जातो, म्हणजे पंजापर्यंत अडीच दिवस. पेशीच्या आतल्या सांगाड्याची प्रथिने दिवसाला जेमतेम काही मिलिमीटर सरकतात. कर्करोगावरचे व्हिन्क्रिस्टीन हे औषध या नलिकांनाच इजा करते. मग ज्यांचा पल्ला सर्वांत लांब ते तंतू आधी थकतात, आणि मुंग्या किंवा बधिरपणा बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो.

आता संदेशाच्या वेगाकडे येऊ. विश्रांतीत पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण असतो. पेशीच्या पटलातली सोडियमची दारे उघडली की सोडियमचे धनभारित आयन आत शिरतात, तो भाग क्षणभर धन होतो आणि शेजारची दारे उघडतात. उघड्या, बारीक तंतूवर हा प्रवास सेकंदाला सुमारे एक मीटर इतकाच होतो. माखली वर्गातल्या स्क्विडने वेग मिळवला तो तंतू जाड करून: अर्धा मिलिमीटर जाडी, सेकंदाला सुमारे 25 मीटर. आपले तंतू तेवढे जाड असते, तर लाखो तंतू मावायला जागाच उरली नसती. आपल्याकडे उपाय वेगळा आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्या तंतूभोवती मायलिन या चरबीयुक्त वेष्टनाचे थर गुंडाळले जातात आणि वेग सेकंदाला 50 मीटरच्या पुढे जातो.

हे वेष्टन चेतापेशी स्वतः घालत नाही. मज्जारज्जूबाहेर ते काम श्वान पेशीचे. (हे नाव थिओडोर श्वान यांच्यावरून आले आहे.) एक श्वान पेशी फार तर एक मिलिमीटरचा तुकडा सांभाळते, तेव्हा त्या मीटरभर तंतूवर हजारेक पेशी ओळीने बसलेल्या असतात. दोन तुकड्यांमधल्या सुमारे एक मायक्रोमीटरच्या फटीत सोडियमची दारे दाटीने असतात आणि संदेश फटीफटीने उडी घेत जातो. मेंदू व मज्जारज्जूत हेच काम ऑलिगोडेंड्रोसाइट करते, पण एकटी कित्येक तंतूंना हात पुरवते. म्हणून तिथे एक पेशी गेली, तर अनेक तंतू उघडे पडतात. मायलिन नष्ट होणाऱ्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात तेच घडते. अशा रुग्णाची नजर गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तात्पुरती धूसर होऊ शकते: उष्णतेने सोडियमची दारे लवकर मिटतात, आणि आधीच गळका झालेला प्रवाह पुढच्या फटीपर्यंत पुरत नाही.

जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरशो यांनी 1856 मध्ये चेतापेशींच्या या आधारपेशींना ग्रीकमधून ‘डिंक’ या अर्थाचे ‘ग्लिया’ हे नाव दिले. ते नाव फारच अपुरे आहे. त्यांतल्या ताऱ्यासारख्या ॲस्ट्रोसाइट पेशी बाहेर साचलेले पोटॅशियम व ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन उचलतात. ते साचू दिले, तर चेतापेशी भान सोडून उद्दीपित होतात आणि झटके येतात. मायक्रोग्लिया मोडतोड साफ करतात.

या पेशींचे खरे मोल कळते ते नस, म्हणजे चेतातंतूंची जुडी, तुटल्यावर. हातातली नस कापली, की पुढचा तंतू नष्ट होतो, पण श्वान पेशी टिकतात, कचरा उपसतात आणि ओळीने उभ्या राहून नव्या कोंबाला वाट दाखवतात. वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर. काखेपासून तळहाताच्या स्नायूंपर्यंत 60 सेंटिमीटर, म्हणजे 600 दिवस. आणि चेतातंतूविना राहिलेला स्नायू साधारण 12 ते 18 महिन्यांनंतर फारसा सावरत नाही. धारदार शस्त्राने नस स्वच्छ कापली गेली असेल, तर ती काही दिवसांतच शिवायची, वाट पाहायची नाही, ते यासाठी.

मज्जारज्जूत मात्र कोंब थबकतो. मायलिनचे अवशेष तिथे रेंगाळतात, त्यातली काही प्रथिने वाढ रोखतात आणि ॲस्ट्रोसाइटचा व्रण आडवा येतो. दोष चेतापेशीचाच का? 1981 मध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी प्रौढ उंदरांमध्ये मेंदूचे खोड आणि मज्जारज्जू यांना बाहेरच्या नसेच्या तुकड्याने जोडले. त्याच मध्यवर्ती चेतापेशींचे तंतू त्या तुकड्यातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढले, आणि पलीकडे मज्जारज्जूत शिरताच जवळपास लगेच थांबले.