पान नंबर लिहा आणि मग बोला

(माध्यमिक शाळांच्या मराठी शिक्षकांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. सगळे दिवसभराचे तास घेऊन आलात, दमला असाल, त्यामुळे थेट विषयावर येते. आठवी-नववीची मुलं आपल्या आवडीने एखादी कादंबरी वाचतात आणि मग आपण त्यांना सांगतो की यावर चार ओळी लिहून आणा. त्या चार ओळींबद्दल मला बोलायचंय, कारण मला मनापासून वाटतं की वर्षभरात मुलं जे काही लिहितात ना, निबंध, पत्रलेखन, बातमीलेखन, त्या सगळ्यात हे लिखाण सगळ्यात जास्त त्यांचं स्वतःचं होऊ शकतं. पण बहुतेक वेळा होत नाही.

का होत नाही ते तुम्हाला माहितीच आहे. वाचन प्रेरणा दिन येतो १५ ऑक्टोबरला, वरून पत्र येतं, फोटो पाठवायचे असतात, मग कपाटाचं कुलूप उघडतं, पुस्तकं वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी 'पुस्तक परिचय' गोळा होतो. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, थोडक्यात कथा, मला काय आवडलं, मला काय बोध मिळाला. साठ वह्या उघडा, साठांमध्ये बोध एकच. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवलेला असतो, आता तर मोबाईलवर चॅटजीपीटीला विचारलं की तेही मिनिटभरात मिळतं. पण पोरांना नावं ठेवण्यात काय अर्थ आहे? दहावीच्या ८० मार्कांच्या पेपरात 'स्वमत' म्हणून प्रश्न असतो, आणि ते स्वमत गाइडमध्ये छापून येतं आणि मुलं ते पाठ करतात, कारण मार्क त्यालाच पडतात. स्वतःचं मत पाठ करायची सवय आपणच लावलीय त्यांना, मग नववीतल्या मुलीने पुस्तकावर काहीतरी स्वतःचं लिहावं ही अपेक्षा ती कुठून पुरी करणार.

श्यामची आईचंच घ्या. १९३५ साली पुस्तक आलं, अजून आपल्या शाळांच्या कपाटात सगळ्यात जास्त हाताळलेली प्रत त्याचीच असते. त्यात तो पोहण्याचा प्रसंग आहे, श्याम विहिरीवर जायला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारत बाहेर काढते. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, 'आई मारते ते मला पटलं नाही, भीती वाटणं हा गुन्हा आहे का, माझे वडील पण असंच म्हणतात की मार खाल्ल्याशिवाय पोरगं सुधारत नाही.' आता याच्यावर काय करायचं? आपल्यातले बरेच जण लाल पेनाने लिहितील, 'आईचे प्रेम समजून घे'. संपलं. त्या दिवसापासून तो मुलगा पुस्तकाशी कधी भांडणार नाही, प्रत्येक पुस्तकाखाली 'आईचे प्रेम', 'देशभक्ती', 'कष्टाचे महत्त्व' असलं काहीतरी लिहून मोकळा होईल. माझं म्हणणं असं आहे की तो मुलगा फार चांगलं वाचत होता. तो त्या पानावर थांबला, त्याला स्वतःचं घर आठवलं आणि त्याने ते लिहायची हिंमत केली. साने गुरुजींच्या पुस्तकाला त्याने काही धक्का लागत नाही हो, ते पुस्तक तेवढं भक्कम आहे. त्याला फक्त एवढं विचारायचं, की त्याच गोष्टीत पुढे आई रडते, वळांना तेल लावते, तिथे तुला काय वाटलं? तो परत त्या पानावर जाईल. एवढंच तर आपल्याला हवंय.

मग करायचं काय. माझ्या वर्गात मी दोनच गोष्टी सांगते. एक, पान नंबर लिहा आणि त्या पानावरचं ज्या वाक्यापाशी तुम्ही थांबलात ते वाक्य उतरवून काढा. दोन, मग मला पत्र लिहा की तिथे का थांबलात. कथा सांगायची नाही, बोध लिहायचा नाही. पान नंबर मागितला की मागचं कव्हर कामाला येत नाही, मोबाईलचंही फारसं चालत नाही, कारण आपल्या शाळेतल्या त्या फाटक्या प्रतीत ४३ नंबरच्या पानावर काय आहे ते मोबाईलला कुठून कळणार. पण हा पहारा देण्याचा भाग झाला, तो मला गौण वाटतो. खरं कारण असं की चौदा वर्षांच्या मुलाला 'कादंबरीबद्दल मत दे' म्हटलं की तो गडबडतो, कोणीही गडबडेल, पण एका वाक्याबद्दल बोल म्हटलं की बोलतो.

पत्राची कल्पना माझी नाही. अमेरिकेत मेन राज्यात नॅन्सी अ‍ॅटवेल म्हणून एक शिक्षिका, त्यांनी मुलांनी स्वतः निवडून वाचलेल्या पुस्तकांवर मुलांशी पत्रं सुरू केली, मुलं लिहायची आणि त्या प्रत्येकाला उत्तर द्यायच्या. त्याबद्दलचं त्यांचं पुस्तक १९८७ ला आलं. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली जे ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ना, ते पहिल्यांदा दिलं गेलं २०१५ ला, आणि ते या बाईंना मिळालं होतं. त्यांच्याकडची परिस्थिती वेगळी, छोटे वर्ग, पुस्तकांची रेलचेल, ते सगळं मान्य. पण मुलगा लिहितो आणि समोरचं माणूस खरंच वाचून उत्तर देतं, याला काही पैसे लागत नाहीत.

आता एक वही जरा सविस्तर सांगते, कारण मी हे सगळं का बोलतेय ते त्यातून कळेल. मुलगी नववीतली, आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की घर कारखान्याकडे निघतं, ही मागे आजीपाशी राहते. तिने कपाटातून बनगरवाडी उचलली, व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, आणि मला विचाराल तर पातळ पुस्तक दिसलं म्हणूनच उचलली असणार, त्यात काही गैर नाही. त्यात शेकू आहे, त्याच्याकडे बैलांची जोडी पुरी होत नाही आणि शेवटी त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जू आपल्या खांद्यावर घेते. आपण सगळ्यांनी वाचलंय ते, अंगावर काटा येतो. या मुलीने पान नंबर टाकला, वाक्य उतरवलं आणि खाली लिहिलं, 'मॅडम मला याचं नवल नाही वाटलं. माझी माय मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते, पाय घसरला तर खाली पडते. आमच्याकडं नवराबायको मिळून एक कोयता धरतात, उचल (आगाऊ मजुरी) पण कोयत्यावर मिळते, मायची वेगळी नाही. मला एकच कळलं नाही की सांगणाऱ्याला एवढं नवल का वाटलं.'

अहो, हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसले. बनगरवाडीची गोष्ट सांगणारा मास्तर वाडीच्या बाहेरून आलाय, औंध संस्थानातला तरुण शिक्षक, धनगरांच्या वाडीत नोकरीला आलेला, त्याच्या डोळ्यांनी आपण सगळं बघतो. ही गोष्ट आपण बीएला निवेदक वगैरे शिकताना शिकलो, या मुलीने ती आपल्या आईच्या डोक्यावरच्या मोळीवरून ओळखली. मी तिला उत्तरात शाबासकी वगैरे फार दिली नाही, मी लिहिलं की मास्तर बाहेरचा आहे म्हणून त्याला नवल वाटलं असेल का, हाच प्रसंग शेकूच्या बायकोने सांगितला असता तर कसा सांगितला असता? पुढच्या आठवड्यात दीड पान आलं. शेकूची बायको बोलतेय, आणि ती बोलतेय या मुलीच्या, बीडच्या बोलीत. बनगरवाडी माणदेशातली, तिथली बाई बीडचं बोलेल का असला प्रश्न मी काढला नाही. त्यात ती बाई म्हणते की जू जड नव्हतं, लोक बघत होते ते जड होतं.

मी त्या वहीत एकही शुद्धलेखनाची चूक लाल केली नाही. ऱ्हस्व-दीर्घ व्याकरणाच्या तासाला बघू, ते शिकवायचंच आहे आणि शिकवतेच, पण पत्रात नाही. पत्राला मार्कही नाहीत. अंतर्गत मूल्यमापनाच्या २० मार्कांत हे बसवा असं कोणी सुचवलं तर कृपा करून बसवू नका, बसवलंत की पुढच्या वर्षी त्याचंही गाइड निघेल.

काही जण म्हणतील साठ-सत्तरचा वर्ग, उत्तरं कधी लिहायची? सगळ्यांची एका आठवड्यात नाहीच होणार. वर्गाचे पाच-सहा गट पाडा, आठवड्याला एकाच गटाच्या वह्या, प्रत्येकाला तीन-चार ओळी उत्तर आणि त्यात एक खरा प्रश्न, म्हणजे असा प्रश्न ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही. बाकीचे आठवडे मुलांनी एकमेकांना लिहायचं. आणि पुस्तक अर्धवट सोडायची परवानगी द्या. 'पान ३० वर सोडलं, कारण' असं पत्रही चालेल, कधीकधी तेच सगळ्यात प्रामाणिक असतं. फास्टर फेणे तिसऱ्यांदा वाचतोय? वाचू दे, फक्त यावेळी कुठे थांबला ते लिहू दे. आणि कपाटाची किल्ली, ती मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये नको. पुस्तकं हरवतील, ऑडिटला विचारतील ही भीती खरी आहे मला माहितीये, त्यासाठी वर्गातल्याच दोन मुलांकडे नोंदवही द्या, मुलं आपल्यापेक्षा कडक असतात त्यात.

अजून एक, जूनमध्ये पहिलं पत्र तुम्ही लिहा, सगळ्या वर्गाला, तुम्ही वाचलेल्या पुस्तकाबद्दल. मी पाडस या कादंबरीबद्दल लिहिते, राम पटवर्धनांनी इंग्रजीतून मराठीत आणलेली. ज्योडी नावाच्या मुलाने जीव लावून वाढवलेलं हरणाचं पिल्लू मोठं होतं आणि घरचं पीक खायला लागतं, आणि वर्षाचं पोट त्या पिकावर असतं, म्हणून बाप त्याला मारायला सांगतो. मी पत्रात लिहिते की इतकी वर्षं झाली, बापाचं चुकलं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही, तुम्ही सांगा. ज्यांच्या शेतात रानडुकरं येतात ती पोरं बहुतेक बापाच्या बाजूने लिहितात, रात्रभर मचाणावर जागलेली असतात ती. गावातली, नोकरदारांची पोरं ज्योडीकडून. मग मी त्या वह्या अदलाबदल करून देते आणि एकमेकांना उत्तर लिहायला सांगते, आणि तो तास संपल्याची बेल झाली तरी वर्ग उठत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊया, विशेषतः ज्यांच्या शाळेत कपाटच नाही त्यांनी आधी बोला.