फणसातली खनिजं: गऱ्यापासून चारखंडापर्यंत

मंडळी, फणसात खनिजं किती, असं कुणी विचारलं तर आपण आधी उलट विचारायचं: ओल्या गऱ्यात की वाळवलेल्या? पिकल्या गऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये पोटॅशियम साधारण ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २९, कॅल्शियम २४ आणि लोह जेमतेम पाव मिलिग्रॅम. म्हणजे पालाशाला, अर्थात पोटॅशियमला, फणस उत्तम, पण रक्तवाढीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हाच पोटॅशियमचा आकडा डॉक्टरांना दाखवावा.

गऱ्यात पाणीच सुमारे ७३ टक्के. तोच गरा १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला की १०० ग्रॅमचे २९-३० ग्रॅम उरतात आणि पोटॅशियम १०० ग्रॅमला १५०० मिलिग्रॅमवर जातं. खनिज वाढलेलं नाही, पाणी गेलंय. पाकिटावरचा आकडा बघताना एवढं ध्यानात ठेवा. फणसपोळीत साखर घातली की तोच आकडा पुन्हा खाली येतो.

प्रयोगशाळेत ही खनिजं मोजताना खरी गोम नमुन्यात असते. देठाजवळचे, मधले आणि टोकाचे गरे मिसळून घ्यावेत. विळीवर कापलेल्या फणसात पात्याचं लोखंड उतरतं. मुळात लोह इतकं कमी, की तेवढ्यानेही निकाल फसतो. म्हणून प्लास्टिकची किंवा सिरॅमिकची सुरी. नमुना १०५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा, मग मुशीत, म्हणजे भट्टीत टिकणाऱ्या छोट्या भांड्यात, मंद आचेवर आधी कोळसा करायचा. इथे घाई केली की गऱ्यातली साखर फसफसून मुशीबाहेर येते. त्यानंतर ५५० अंशांची भट्टी. ६०० च्या वर गेलात तर थोडं पोटॅशियम उडून जातं. उरते ती राख, खनिजं तिच्यातच मोजायची. ती पांढुरकी हवी. काळे ठिपके राहिले तर जळण अपुरं आहे.

आठळ्या लोक उकडतात आणि पाणी ओतून देतात. पोटॅशियम पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे सोललेल्या आठळ्यांतलं बरंचसं त्या पाण्यातच जातं. सालासकट उकडा, नाहीतर निखाऱ्यात भाजा. सोलून उकडायच्याच असतील तर पाणी आमटीत घाला. कच्ची आठळी खाऊ नये, तिच्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात. आठळ्यांचं पीठ करणाऱ्यांनी आतला तांबूस पापुद्रा खरवडावा. त्यातलं टॅनिन लोह बांधून ठेवतं.

राहिलं चारखंड, म्हणजे गरे काढल्यावर उरणारी काटेरी साल. फणसाच्या वजनाचा केवढा तरी भाग हाच, आणि झाडाने जमिनीतून उचललेला पालाश यातही असतो. गुरांना घालून उरलेलं खताच्या खड्ड्यात टाका, पण नुसतं नको, आंबून वास सुटतो. बारीक तुकडे करा आणि एका टोपलीला दोन टोपल्या सुका पाला घाला. फणस संपता संपता पाऊस येतो. खड्डा उघडा राहिला तर पालाश पहिल्या सरींबरोबरच वाहून जाईल. मिरगाआधी वर झावळ्या घाला आणि पाणी वळवायला कडेने चर खणा.