केळी, मोसंबी, पपई : तोडणीआधीची परीक्षा

शेतकरी बंधू-भगिनींनो, रावेर-यावलची केळी, पाचोरा-जामनेरची मोसंबी आणि शहाद्याची पपई, या तिघींची परीक्षा एका पद्धतीने घेता येत नाही. तोडल्यानंतर फळाच्या आत काय घडणार आहे, यावर तोडणीची कसोटी ठरते. केळीच्या गरात स्टार्चची कणगी भरलेली असते. तोडल्यावर त्या स्टार्चची साखर होते, म्हणून केळी हिरवी कापली तरी गोड होते. मोसंबीत असा साठा नाही. ती झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच. पपई या दोघींच्या मधे बसते आणि म्हणूनच सगळ्यात जास्त फसवते: तोडल्यावर ती मऊ होते, पिवळी होते, पण तिच्यातही स्टार्च जवळजवळ नसल्याने गोडी वाढत नाही.

आधी मोसंबी घेऊ, कारण तिथे रंगावर विसंबून सर्वांत जास्त चुका होतात. सालीचा हिरवा रंग जायला थंड रात्री लागतात. आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या मोहराची) फळं पावसाळ्याच्या शेवटी तयार होतात, तेव्हा आपल्याकडे रात्री उबदार असतात. त्यामुळे आतून तयार झालेलं फळही बाहेरून हिरवंच दिसतं. उलट, इथिलीन (फळं पिकवणारा वायू) देऊन साल पिवळी करता येते, पण रसातला आंबटपणा तसाच राहतो. म्हणून रस तपासायचा.

नमुना नीट घ्या. बांधालगतची झाडं सोडून बागेत फिरत १५-२० फळं घ्या, झाडाच्या चारही बाजूंनी, छातीच्या उंचीवरून. उन्हाकडची आणि शेंड्याची फळं जास्त गोड असतात. तेवढीच घेतली तर आकडा छान येतो आणि माल मात्र आंबट निघतो. पाऊस किंवा पाणी दिल्यानंतर लगेच नमुना घेऊ नका, रस पातळ झालेला असतो. फळ पूर्ण पिळा. देठाकडचा अर्धा भाग खालच्या भागापेक्षा कमी गोड असतो, त्यामुळे एका फोडीचा थेंब काही सांगत नाही.

आधी फळांचं वजन करा, मग रसाचं. रसाच्या वजनाला फळांच्या वजनाने भागून १०० ने गुणलं की रसाची टक्केवारी मिळते. आठवड्यागणिक ही टक्केवारी उतरायला लागली तर बाग जास्त दिवस ठेवली गेली आहे आणि फळ देठाकडून कोरडं पडतंय, असं समजा.

रस फडक्यातून गाळा, फेस बसू द्या. रिफ्रॅक्टोमीटर (रसाच्या थेंबातून गोडी मोजणारं उपकरण) सावलीत ठेवून डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणा, काच पुसा, दोन-तीन थेंब टाका. आपल्या उन्हात हे उपकरण दगा देतं. ते २० अंश सेल्सिअसला बेतलेलं असतं. तापमानाची दुरुस्ती नसलेलं साधं उपकरण ३५ अंशाला साधारण १ ब्रिक्स (रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांची टक्केवारी) कमी दाखवतं. म्हणून रस, पाणी आणि उपकरण तिन्ही एकाच तापमानाला येऊ द्या.

पण ब्रिक्स एकटा पुरेसा नाही. त्यात साखरेबरोबर आम्लही मोजलं जातं. १० मिलि रस घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या द्रावणाचे) दोन थेंब टाका आणि ०.१ नॉर्मल तीव्रतेचं कॉस्टिक सोड्याचं द्रावण ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून) थेंबथेंब सोडा. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबा. जितके मिलि लागले त्याला ०.०६४ ने गुणलं की आम्लाची टक्केवारी आली. समजा ६ मिलि लागले, तर आम्ल ०.३८४ टक्के. ब्रिक्स ९.६ असेल तर ब्रिक्सला आम्लाने भागून येणारं गुणोत्तर २५. हे गुणोत्तर दर आठवड्याला वहीत लिहा. उक्त्या सौद्याचा (अख्खी बाग एकरकमी घेणारा) व्यापारी घाई करत असेल तेव्हा ही वही समोर ठेवता येते.

आता केळी. सफरचंदाला लावतात ती आयोडीनची चाचणी इथे कापणी ठरवायला उपयोगाची नाही. हिरव्या केळात सगळीकडे स्टार्चच असल्याने काप सरसकट निळाकाळा होतो. इथे जाडी आणि वय, दोन्ही बघायचं. वरून दुसऱ्या फणीतलं, बाहेरच्या ओळीतलं मधलं केळं कॅलिपरने मध्यावर मोजा, आणि शेवटच्या फणीतलंही मोजा. आंतरराष्ट्रीय मानकात किमान जाडी २७ मिलिमीटर आणि लांबी १४ सेंटिमीटर आहे. खरेदीदार बहुधा याहून जास्त मागतात. लांबच्या बाजाराला केळाच्या कडा थोड्या जाणवत असतानाच, म्हणजे पाऊण भरावर, घड कापतात. जवळच्या बाजाराला कडा गोल झाल्यावर.

नुसती जाडी बघणं धोक्याचं का, ते हिवाळ्यात कळतं. जानेवारीच्या थंडीत फळाची वाढ जवळपास थांबते, पण वय वाढतच असतं. असा घड 'अजून भरला नाही' म्हणून ठेवला की तो बारीक असूनही जुना होतो आणि दिल्लीच्या वाटेवर गाडीतच पिकायला लागतो. एक घड पिकला की त्याच्या इथिलीनने बाकीचा मालही पिकतो. यावर उपाय फितीचा. केळफूल मोडताना त्या आठवड्याच्या रंगाची फीत घडाला बांधा. उबदार दिवसांत निसवणीपासून (केळफूल बाहेर पडल्यापासून) तीन-साडेतीन महिने लागतात, थंडीत निसवलेल्या घडाला चार किंवा अधिक. शंका आली तर एक केळं आडवं कापा: गर पांढरा असेल तर ठीक, मध्यभागी पिवळसर झाक असेल तर तो घड लांब पाठवू नका.

आंबाही केळीच्याच बाजूचा, त्यात स्टार्च असतो. तयार आंबा साधारणपणे पाण्यात बुडतो, कोवळा तरंगतो.

पपईला मात्र झाडावर थांबावंच लागतं. फळाच्या टोकाकडून पिवळी पट्टी उमटू द्या. सालीला बारीक ओरखडा काढून पाहा: दाट, दुधासारखा चीक आला तर फळ कोवळं, पातळ, पाण्यासारखा आला तर तयार. एखादं फळ कापलं तर बिया काळ्या झालेल्या दिसल्या पाहिजेत. पांढऱ्या बियांची पपई पिवळी होईल, पण खाणाऱ्याला फिकी लागेल. ओरखडा काढलेलं फळ विक्रीच्या क्रेटमध्ये टाकू नका, तिथूनच सड सुरू होते.