सूज उतरवणारं जनुक

(दृश्य: हातावरचा ओरखडा, अगदी जवळून)

काटा लागला. जागा लाल झाली, गरम झाली, ठुसठुसायला लागली. दोन-चार दिवसांत सगळं निवळलंही. सूज का आली, हे आपण विचारतो. ती गेली कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

(दृश्य: त्वचेचा उभा छेद, मग एकच पेशी)

इजेचा सांगावा पेशीपर्यंत पोचला की आतल्या काही प्रथिनांवर माळा चढतात. माळेचा मणी म्हणजे युबिक्विटिन, अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं प्रथिन. माळ चढलेल्या प्रथिनांभोवती इतरांची गर्दी जमते आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन मोकळं होऊन केंद्रकात शिरतं. तिथे ते दाहाची जनुकं जागी करतं. शिवाय पेशीला सहजासहजी मरू देत नाही. जखम ताजी असताना हे ठीक आहे. नंतरही मरायला तयार नसलेली पेशी मात्र धोक्याची.

म्हणून माळा उतरवणारं कुणीतरी हवं. ते काम सीवायएलडी जनुकापासून बनणाऱ्या विकराचं. सोळाव्या गुणसूत्रावरचं हे जनुक २००० साली सापडलं, तेही दाहाच्या शोधात नव्हे. डोक्यावर गाठी येण्याचा आजार काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या दिसत होता, त्याचा माग काढताना. ते माळा उतरवतं, हे २००३ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. आणि गंमत बघा, या जनुकाला जागं करतं खुद्द एनएफ-कप्पा-बी! आग लावणारा पाण्याची बादलीही भरून ठेवतो.

(दृश्य: केसाच्या मुळाचं ॲनिमेशन)

त्या कुटुंबांत आईकडून किंवा वडिलांकडून एक बिघडलेली प्रत येते. दुसरी धड असेपर्यंत पेशीचं भागतं. केसाच्या मुळाशी एखाद्या पेशीत तीही निकामी झाली की गाठ धरते, बहुधा वयात आल्यानंतर. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. 'साध्या गाठी' असं म्हणणं सोपं आहे. पण त्या दुखतात, त्यांतून रक्त येतं, कधी एकमेकींत मिसळून अख्खं डोकं झाकतात. जुन्या डॉक्टरांनी याला फेट्याची उपमा दिली. चपखल, आणि जराशी निर्दय.

२००६ मध्ये उंदरांनी आणखी एक पदर उलगडला. हे जनुक काढून त्वचेवर कर्करोगकारक रसायनं लावली, तर गाठी जास्त येतात. कारण बीसीएल-३ नावाच्या प्रथिनावरची माळ तशीच राहते, ते केंद्रकात घुसतं आणि पेशीला विभाजनाच्या मागे लावतं. म्हणजे प्रकरण नुसत्या सुजेचं राहिलं नाही.

मग एनएफ-कप्पा-बीलाच औषधाने अडवलं तर? सॅलिसिलिक आम्ल ते करू शकतं, म्हणून गाठींवर लावूनही पाहिलं. काही गाठी आटल्या, सगळ्या नाही. आजही मुख्य भिस्त शस्त्रक्रियेवरच आहे.

(दृश्य: आरशासमोर केस बाजूला सारणारा हात)

एक गाठ काढली की काही दिवसांनी शेजारी दुसरी हाताला लागते. बिघडलेली प्रत तिथल्या प्रत्येक पेशीत आहे.