डाळ लवकर शिजवणारं पाणी

[पहाट. बोरिंगचा दांडा वरखाली होतोय. खाली पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, भरतोय.]

चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा धानपट्टा. या गावात पाण्याच्या दोन जागा आहेत, जुनी विहीर आणि शाळेसमोरची बोरिंग. बायका बोरिंगवरच येतात. का, विचारलं तर एक काकू सांगतात, "याच्यात डाळ लवकर शिजते जी. विहिरीच्या पाण्यात कितीही ठेवा, कचकचच राहते."

काकूंचं म्हणणं अगदी खरं आहे. काळजीचं कारणही तिथंच आहे: फ्लोराइड, पाण्यात विरघळणारा आणि जास्त झाला तर दात-हाडं बिघडवणारा क्षार.

[विहिरीच्या पाण्याचं पातेलं, जवळून. आत पांढरा थर.]

हा थर चुन्याचा. विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, म्हणून ते जड. बोरिंग मात्र थेट ग्रॅनाइटसारख्या फार जुन्या खडकात उतरते. या खडकातल्या काळ्या अभ्रकात आणि अपेटाइट नावाच्या खनिजात फ्लोराइड असतं. भेगांमध्ये पाणी वर्षानुवर्षं थांबतं. तेवढ्या काळात त्यातला चुना खडे होऊन मागे राहतो, सोडियम वाढतं, पाणी हलकं होतं. कॅल्शियम पुरेसं असतं तोवर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. दोघांचं मिळून फ्लोराइट हे खनिज होतं, आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. कॅल्शियम सरलं, की फ्लोराइडला अडवणारं कुणी उरत नाही.

हलकं पाणी म्हणजे फ्लोराइड असणारच, असं नाही. पण चवीनं, रंगानं, वासानं फ्लोराइड ओळखू येत नाही. तपासणीच करावी लागते. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरं पाणीच नसेल तर फार तर १.५.

[शाळेचा व्हरांडा. दप्तरं, चपला.]

पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात, त्या वयात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं तर दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. घासून ते जात नाहीत. पुढे हाडं आणि सांधे आखडतात. पाणी उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, फ्लोराइड राहतं.

यावरची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण-संशोधन संस्थेनं दिली. पाण्यात चुना आणि तुरटी घालून ढवळायचं. तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमचे कापसासारखे पुंजके होतात, फ्लोराइड त्यांना चिकटतं आणि तळाशी बसतं. प्रमाण मात्र तपासणीवरूनच ठरवायचं.

[बादली. ढग हळूहळू खाली बसतोय.]

वरचं निवळ पाणी प्यायला. तळाचा गाळ विहिरीपासून, बोरिंगपासून लांब टाकायचा. पाण्यातून निघालेलं फ्लोराइड आता त्यातच आहे.