रंग बदलायचा तो एक टाका आधी

नमस्कार मंडळी. आज क्रोशेबद्दल बोलायचंय आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल, विणता विणता लोकरीचा रंग कसा बदलायचा. साखळी येते, सिंगल क्रोशे येतो, डबल क्रोशे म्हणजे आपला खांब तोही जमतो, एका रंगाचा मफलर छान होतो, पण दुसऱ्या रंगाचा गुंडा हातात घ्यायची वेळ आली की नवीन शिकणारे बरेच जण तिथेच अडतात. गाठ मारू का, कुठे मारू, आधीचा दोरा कापू का, आणि सगळं करून झाल्यावर नव्या ओळीच्या सुरुवातीला जुन्या रंगाचा एक ठिपका डोकावतोच, तो कुठून आला? तर आज त्या ठिपक्यापासूनच सुरू करूया, कारण तो का येतो हे एकदा कळलं की बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

आता नीट ऐका हां. एक टाका पूर्ण झाला की सुईवर एक लूप उरतो, बरोबर? आपल्याला वाटतं तो लूप झालेल्या टाक्याचा आहे. तसं नसतं. तो लूप पुढच्या टाक्याच्या डोक्यावर जाऊन बसतो, त्याची टोपी होतो. वरून बघितल्यावर जी इंग्रजी व्ही सारखी जोडी दिसते ना, ती हीच. म्हणजे तुम्ही लाल टाका पूर्ण केलात, सुईवर लाल लूप आहे, आणि आता पांढरी लोकर घेऊन पुढचा टाका घातलात, तर अंग पांढरं आणि डोक्यावर टोपी लाल. हाच तो ठिपका. त्यात तुमच्या हाताचा काही दोष नाही, क्रोशेच्या टाक्याची बांधणीच तशी आहे.

मग करायचं काय? नवा रंग एक टाका आधी आणायचा. जुन्या रंगाचा जो शेवटचा टाका आहे तो पूर्ण करायचा नाही, त्याचा अगदी शेवटचा ओढ, म्हणजे सुईवरच्या लूपमधून दोरा बाहेर काढून टाका पुरा करायचा ते, नव्या दोऱ्याने घ्यायचा. बस. हे एवढंच आजचं मुख्य सांगणं, आणि मला मनापासून वाटतं की क्रोशे शिकवताना हे पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं, पार शेवटी नाही, कारण रंग आले की माणूस विणण्यात जो रमतो तो एका रंगात नाही रमत.

सुई हाताशी असेल तर घ्या, रेडिओवर मला हात दाखवता येत नाहीत पण आपण सावकाश जाऊ. जरा जाडसर लोकर घ्या, ४ किंवा ५ मिलिमीटरची सुई, आणि दोन्ही रंग फिकट घ्या किंवा निदान काळा आणि गडद निळा तरी टाळा, त्यात टाके दिसतच नाहीत, शिकताना डोळ्यांना उगाच त्रास. दोन्ही लोकरी एकाच जाडीच्या असू द्या. १६ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला सिंगल क्रोशे घाला आणि ओळ पूर्ण करत चला, १५ टाके होतील. पण पंधरावा टाका अर्धवट ठेवायचा. म्हणजे सुई टाक्यात घातली, दोरा घेतला, बाहेर ओढला, आता सुईवर दोन लूप आहेत. इथे थांबा. जुना दोरा सोडून द्या, तो मागे लोंबू दे. नवा दोरा घ्या, त्याचं साधारण १५ सेंटिमीटर टोक मोकळं ठेवून तो सुईच्या आकड्यावर टाका, आणि दोन्ही लूपमधून सरळ बाहेर ओढा. झालं! सुईवर आता नव्या रंगाचा लूप आहे. त्याच रंगाने एक साखळी घाला, काम उलटं फिरवा आणि पुढची ओळ विणायला लागा.

या क्षणी तो शेवटचा टाका ढिला, लोंबकळता दिसतो आणि धीर सुटतो, आता उसवणार की काय असं वाटतं. नाही उसवत. नवे दोनतीन टाके विणून झाले की दोन्ही रंगांची टोकं हळूच ओढा, टाका जागेवर बसतो. तोपर्यंत टोकं डाव्या हाताच्या बोटांनी धरून ठेवली की पुरे. डावखुरे असाल तर हात उलटे, बाकी सगळं तेच.

डबल क्रोशेलाही हाच नियम, फक्त शेवट कुठे आहे ते ओळखायचं. सुईवर दोरा घेऊन सुई टाक्यात, दोरा बाहेर ओढला, तीन लूप झाले, पुन्हा दोरा घेऊन दोन लूपमधून काढला, दोन उरले. हे जे शेवटचे दोन उरतात तिथे नवा रंग. हाफ डबल, म्हणजे सिंगल आणि डबलच्या मधल्या उंचीचा टाका, त्यात शेवटी तीन लूप असतात, ते तिन्ही नव्या रंगाने एकदम काढायचे. एक गोष्ट जाता जाता सांगते, अमेरिकन आणि ब्रिटिश नमुन्यांत नावं वेगळी असतात, अमेरिकन सिंगल क्रोशे म्हणजे ब्रिटिशांचा डबल क्रोशे, मी इथे अमेरिकन नावं वापरतेय, त्यामुळे कुठला नमुना उघडला की तो कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघा. रंग बदलायची जागा मात्र दोन्हीकडे तीच, शेवटचा ओढ.

आता गाठीचं. जुन्या आणि नव्या दोऱ्याला गाठ मारून पुढे जायचं, असं बरेच जण करतात, आणि मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. गाठ कुठल्या टाक्यात येऊन पडेल हे आपल्या हातात नसतं त्यामुळे रंग नेमका हवा तिथे बदलत नाही, वर ती गाठ कधी ना कधी सुलट बाजूला डोकं काढते, आणि गुळगुळीत ॲक्रेलिकमध्ये तर ती सरकून सुटतेसुद्धा. टोक लांब ठेवा आणि नंतर शिवायच्या बोथट सुईने आत फिरवा, ते गाठीपेक्षा जास्त टिकतं. अगदीच भीती वाटत असेल तर तात्पुरती एक सैल गाठ मारा आणि टोकं फिरवायच्या वेळी ती सोडून टाका.

पट्ट्या विणायला लागलात की पुढचा प्रश्न, दर वेळी दोरा कापायचा का? कापायचा असेल तर पट्ट्या वाढतील तशी टोकं वाढणार आणि ती सगळी नंतर आत घालत बसायचं, त्याला अनेकजण इतके कंटाळतात की विणलेलं पांघरूण वर्षभर तसंच टोकं लोंबत पडून राहतं. तर इथे थोडा हिशोब करायचा. प्रत्येक रंगाच्या दोन ओळी घेतल्या की तुम्ही जिथून निघालात त्याच कडेला परत येता, तिथे आधीचा रंग तुमची वाट बघतच असतो, त्याला उचलायचं आणि पुढे जायचं, कापायचं कामच नाही. ओळी दोन, चार अशा सम संख्येत हव्यात. एकेकच ओळीची पट्टी हवी असेल तर दोन रंगांत अडचण येते, तुम्ही एका कडेला आणि हवा असलेला दोरा दुसऱ्या कडेला. पण तीन रंग घेतले की ही अडचण जाते बघा. पहिला रंग डाव्या कडेला संपला, दुसरा उजव्या, तिसरा डाव्या, आता चौथी ओळ डावीकडून सुरू होणार आणि पहिला रंग डावीकडेच थांबलेला आहे. पाचवी उजवीकडून, दुसरा रंग उजवीकडे. असं कितीही वेळ चालतं, कात्री लागत नाही. मला ही गोष्ट इतकी आवडते की नवीन शिकणाऱ्यांना मी तीन रंगांच्या एकेरी पट्ट्याच आधी करायला सांगते, ओळीगणिक रंग बदलायला लागतो त्यामुळे सरावही भरपूर होतो.

कडेने दोरा वर नेताना तो ओढायचा नाही. ओळींची जेवढी उंची तेवढी ढील त्याला मिळालीच पाहिजे, नाहीतर ती कड आखडते, कापड एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठं होतं आणि चुण्या पडतात. उचलल्यावर कड सपाट पसरून बघा, हाताने जरा ताणा, दोरा तटतटला तर परत सैल करा. चार ओळींपेक्षा जास्त अंतर असेल तर मी म्हणेन सरळ कापा. कडेला दिसणाऱ्या आडव्या उभ्या दोऱ्यांचं फार वाटून घेऊ नका, शेवटी चहूबाजूंनी सिंगल क्रोशेची एक बॉर्डर घातली की ते आत जातात.

आणि दोन गुंड्यांचा गुंता. काम दर वेळी एकाच दिशेने फिरवलं की दोन्ही दोरे एकमेकांना पीळ देत जातात. म्हणून एकदा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, पुढच्या वेळी उलट. एक गुंडा डावीकडे, एक उजवीकडे, जागा पक्क्या ठेवा.

आता ओळीच्या मध्येच रंग बदलणं, म्हणजे अक्षरं, चौकटी, फुलं, चित्रं. नियम तोच, नव्या रंगाच्या पहिल्या टाक्याच्या आधीच्या टाक्याचा शेवटचा ओढ नव्या दोऱ्याने. प्रश्न उरतो तो न लागणारा दोरा ठेवायचा कुठे. दोन मार्ग आहेत. रंग थोड्या थोड्या टाक्यांनी परत परत येत असेल तर तो आतून न्यायचा, म्हणजे खालच्या ओळीच्या डोक्यावर तो आडवा ठेवायचा आणि त्याच्यावरूनच टाके घालत जायचं, तो टाक्यांच्या पोटात लपतो. याला टॅपेस्ट्री क्रोशे म्हणतात. कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवर ला ग्वाहिरा भागात राहणाऱ्या वायू नावाच्या आदिवासी लोकांच्या मोचिला नावाच्या पिशव्या तुम्ही कदाचित पाहिल्या असतील, भडक रंगांच्या, भौमितिक नक्षीच्या, त्या याच पद्धतीने तळापासून गोल गोल विणत वर नेतात, आणि आतून दोरे गेल्यामुळे पिशवी चांगली दणकट होते. आपल्यासाठी लक्षात ठेवायचं ते हे, की हे काम सिंगल क्रोशेतच करावं, तो घट्ट असतो. डबल क्रोशेच्या फटींतून आतला दोरा दिसतो. आणि पांढऱ्याच्या पोटातून काळा नेला तर काळपट झाक थोडीफार येतेच, तेव्हा सुरुवातीला एकमेकांच्या जवळचे रंग निवडा.

दुसरा मार्ग मोठ्या ठोकळ्यांसाठी. समजा पांढऱ्या पांघरुणावर मधोमध एकच मोठा लाल चौकोन आहे, तर लाल दोरा सगळीकडे वाहून नेण्यात अर्थ नाही. प्रत्येक भागाला आपापली छोटी गुंडी करायची, चौकोनाच्या डावीकडच्या पांढऱ्याला वेगळी, उजवीकडच्याला वेगळी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यावर गुंडाळली तरी चालते. जिथे रंग संपला तिथे तो दोरा सोडायचा, परत येताना तिथेच उचलायचा. यात एक गोष्ट हमखास चुकते ती सांगते. उलट सुलट ओळी विणताना दोरे नेहमी उलट बाजूलाच राहिले पाहिजेत. सुलट ओळीत जुना दोरा मागे सोडतो, ठीक. पण उलट ओळ विणताना उलट बाजू तुमच्या तोंडासमोर असते, तेव्हा दोरा मागे टाकलात तर तो सुलट बाजूला लोंबणार. म्हणून उलट ओळीत रंग बदलायच्या आधी जुना दोरा पुढे, आपल्याकडे घ्यायचा आणि मग नव्याने ओढ घ्यायचा. कापडाच्या सुलट बाजूला एक रंगीत दोरा बांधून ठेवा, म्हणजे कुठली बाजू कुठली यात गोंधळ होत नाही.

गोल विणकामाबद्दल थोडक्यात. गोल बंद करून पुढचा गोल सुरू करत असाल तर शेवटच्या टाक्याचा शेवटचा ओढ नव्या रंगाने घ्या आणि जोडायचा स्लिप स्टिचही, म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा सगळ्यातून एकदम बाहेर काढलेला बुटका टाका, त्याच रंगाने. खेळणी विणताना मात्र आपण गोल बंद न करता फिरत फिरत वर जातो, तिथे रंग बदलला की पायरी दिसतेच. ती कमी करायची युक्ती म्हणजे नव्या रंगाचा पहिला टाका सिंगल क्रोशेऐवजी स्लिप स्टिच घालायचा, सैल, आणि पुढच्या फेरीत त्याच्यावर नेहमीसारखा सिंगल क्रोशे घालायचा. पायरी पूर्ण जात नाही, पण बरीच मऊ होते. आणि ती जागा बाहुलीच्या पाठीमागे येईल अशी सुरुवात करा, म्हणजे प्रश्नच मिटला.

लोकर विकत घेतल्यावर, विणायच्या आधी, एक काम जरूर करा. लाल, मरून, गडद निळा असे रंग पांढऱ्याशेजारी येणार असतील तर त्या लोकरीचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. डाग पडला तर ती जोडी करू नका, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढऱ्या पट्ट्या गुलाबी होतात आणि मग काही इलाज नसतो. एकच रंग जास्त लागणार असेल तर गुंड्यावरच्या पट्टीवर छापलेला लॉट नंबर सगळ्यांवर सारखा आहे ना बघा, रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा हलते. दोरा ओळ संपेपर्यंत पुरेल का हे कळत नसेल तर कापडाची रुंदी धरून उरलेला दोरा मोजा, सिंगल क्रोशेसाठी रुंदीच्या चौपट तरी उरला असेल तर ओळ घ्या, कमी असेल तर नवीन दोरा कडेलाच जोडा, मध्ये नको.

राहता राहिली टोकं. ती प्रत्येक बैठकीच्या शेवटी थोडी थोडी आत घालत जा, साठवू नका. बोथट टोकाची जाड सुई घ्या, लाल टोक लालच टाक्यांतून, पांढरं पांढऱ्यातून, उलट बाजूने. एका दिशेला पाचेक सेंटिमीटर न्या, मग एक धागा सोडून त्याच वाटेने परत फिरा, आणि पुन्हा एकदा उलट. एकाच दिशेने नेलेलं टोक धुण्यात सरकून बाहेर येतं, तीनदा फिरवलेलं येत नाही. सुती आणि ॲक्रेलिक दोरे घसरतात त्यांना हे जास्त लागतं, खरखरीत लोकर स्वतःच धरून ठेवते. तिन्ही फेऱ्या झाल्या की कापड दोन्ही हातांनी उभं आडवं ताणा, टोक आत ओढलं जाऊन आपली जागा घेईल, आणि त्यानंतरच कात्री लावा, अगदी लगत नाही, जराशी जागा सोडून.